साठा, वेग आणि शक्ती: विद्युतघटाच्या निमित्ताने एका जुन्या वादाचा विचार

एखाद्या वस्तूच्या अंगी असलेले सामर्थ्य हे त्या वस्तूच्या स्वरूपाहून निराळे असे तत्त्व आहे, की ती वस्तू, तिचे घटक आणि तिच्या भोवतीची परिस्थिती एवढे सांगून झाले की सामर्थ्याविषयी सांगण्यासारखे काहीच उरत नाही, हा प्रश्न भारतीय दर्शनांमध्ये शतकानुशतके चर्चिला गेला आहे. मीमांसकांनी यातला पहिला पक्ष घेतला. प्राभाकर परंपरेने शक्तीला द्रव्य, गुण, कर्म यांच्या पंक्तीत बसणारा स्वतंत्र पदार्थ, म्हणजे वस्तुजाताचा एक मूलभूत प्रकार, मानले. भाट्ट परंपरेने तिची गणना गुणांमध्ये केली, पण तिचे अस्तित्व नाकारले नाही. शक्ती डोळ्यांना दिसत नाही, ती कार्यावरूनच कळते, याविषयी दोघांचे एकमत होते. नैयायिकांनी मात्र अशा अदृश्य शक्तीची गरजच नाही असा पक्ष मांडला. या वादाची परंपरागत उदाहरणे अग्नी, बीज आणि मणी ही असून त्यांतील दाहकतेचे किंवा अंकुरण्याच्या क्षमतेचे मोजमाप त्या काळी शक्य नसल्यामुळे दोन्ही पक्षांना सारखेच मोकळे रान मिळाले. पुन्हा चार्ज करता येणाऱ्या विद्युतघटाचे तसे नाही. त्यात किती साठले आहे, ते किती वेगाने बाहेर पडू शकते आणि त्याला कशाचा अडथळा होतो, या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे मोजता येतात, आणि म्हणून जुन्या वादाची परीक्षा घेण्यास तो एक चांगला दाखला ठरतो.

लिथियम-आयन घटांचा एक प्रचलित आकार १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी असा आहे. या आकाराचे दोन घट शेजारी ठेवले, तर बाहेरून ते सारखे दिसतात, त्यांचे वजन ४५ ते ५० ग्रॅमच्या आसपास असते आणि दोघांचे नाममात्र विभवांतर, म्हणजे विद्युतप्रवाहाला ढकलणारा दाब, सुमारे ३.६ व्होल्ट असते. तरीही त्यांतील एका घटात सुमारे ३५०० मिलिॲम्पिअर-तास इतका विद्युतभार साठतो आणि तो सतत ८ ते १० ॲम्पिअरपर्यंतच प्रवाह देऊ शकतो, तर दुसऱ्यात सुमारे २५०० मिलिॲम्पिअर-तास एवढाच भार मावतो, पण तो सतत २० ॲम्पिअर प्रवाह निभावून नेतो. पहिल्या जातीचा घट लॅपटॉपसारख्या, थोडे थोडे पण दीर्घकाळ मागणाऱ्या उपकरणांसाठी असतो. दुसऱ्या जातीचा, ज्याला उच्च डिस्चार्ज दराचा घट म्हणतात, तो ड्रिल मशीनसारख्या, क्षणात पुष्कळ मागणाऱ्या यंत्रांसाठी असतो. या दराचे एक सोयीचे माप रूढ आहे: भरलेला घट एका तासात रिकामा करणारा प्रवाह म्हणजे एक ‘सी’. त्या मापाने पहिला घट तीन ‘सी’च्याही खाली थांबतो आणि दुसरा आठ ‘सी’पर्यंत जातो.

हा फरक कशातून येतो याचे उत्तर घटाच्या अंतरंगात आहे. घटाच्या आत तांबे आणि ॲल्युमिनियम यांच्या लांब पातळ पत्र्यांवर लिथियमचे आयन सामावून घेणाऱ्या क्रियाशील द्रव्याचा थर दिलेला असतो आणि ते पत्रे, मध्ये सच्छिद्र पडदा ठेवून, गुंडाळून नळकांड्यात बसवलेले असतात. थर जाड आणि दाट केला की ठरलेल्या जागेत अधिक द्रव्य मावते, साठा वाढतो. परंतु थराच्या तळाशी असलेल्या आयनाला बाहेर येण्यासाठी अधिक लांब आणि अधिक चिंचोळी वाट कापावी लागते. उलट थर पातळ ठेवला, त्यातील छिद्रे वाढवली, वीज वाहणारा कार्बन अधिक मिसळला आणि प्रवाह बाहेर नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या रुंद किंवा संख्येने जास्त केल्या, तर वाट सुकर होते. पण या प्रत्येक सोयीसाठी लागणारी जागा क्रियाशील द्रव्याच्या वाट्यातूनच काढावी लागते. या साऱ्याचा एकत्रित परिणाम ज्या राशीत दिसतो तिला अंतर्गत रोध म्हणतात. समजा, एका घटाचा अंतर्गत रोध २० मिलिओहम आणि दुसऱ्याचा ४० मिलिओहम आहे, आणि दोघांकडून २० ॲम्पिअर प्रवाह घेतला जात आहे. तर पहिल्याचे विभवांतर ०.४ व्होल्टने घटेल आणि त्याच्या पोटात ८ वॉट उष्णता निर्माण होईल, तर दुसऱ्याचे ०.८ व्होल्टने घटेल आणि १६ वॉट उष्णता साठू लागेल. ती बाहेर पडली नाही तर एवढ्याशा वस्तूचे तापमान मिनिटभरात वीसएक अंशांनी चढते, आणि म्हणून तो प्रवाह त्याच्या मर्यादेबाहेरचा ठरतो.

आता मूळ वादाकडे वळता येईल. मीमांसकांचा मुख्य युक्तिवाद असा होता: अग्नी जाळतो, पण एक विशिष्ट मणी जवळ आणला की तोच अग्नी, त्याचे रूप किंवा उष्णता यांत काहीही बदल दिसत नसताना, जाळीनासा होतो, असे मानले जाई, मणी दूर केला की तो पुन्हा जाळू लागतो. दिसणारे सर्व काही तसेच राहून कार्य थांबले, तेव्हा जे नष्ट झाले ते न दिसणारे असले पाहिजे, आणि तीच शक्ती. दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास होऊन गेलेल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त या युक्तिवादाला दिलेल्या उत्तराचा गाभा असा, की कार्य घडण्यासाठी जशी अनेक कारणे उपस्थित असावी लागतात, तसा प्रतिबंधकाचा, म्हणजे अडथळा आणणाऱ्या वस्तूचा, अभावही त्या कारणसामग्रीचा एक घटक असतो, मणी असताना हा घटक उणा पडतो, म्हणून दाह होत नाही, आणि एवढ्याने सर्व उलगडत असेल तर शक्ती नावाचा आणखी एक पदार्थ मानणे व्यर्थ आहे. पुढच्या नैयायिकांनी यात उत्तेजकाचीही भर घातली: पहिला मणी जवळ असूनही दुसरा एखादा मणी आणल्यावर दाह होत असेल, तर उत्तेजक नसलेल्या प्रतिबंधकाचा अभाव हे कारण मानावे, असे सतराव्या शतकातील विश्वनाथाच्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’तील विवेचन सांगते.

विद्युतघटाच्या कसोटीवर हा वाद घासला तर पहिला कौल नैयायिकांच्या बाजूने पडतो. उच्च डिस्चार्ज दराच्या घटात साठवलेल्या भाराखेरीज ‘वेगाने देण्याची शक्ती’ नावाचे दुसरे काही भरलेले नसते. जे जास्त असते असे वाटते ते वास्तविक अडथळ्याचे कमी असणे होय. साध्या घटाकडून त्याच्या मर्यादेबाहेरचा प्रवाह घेतला की त्याचे विभवांतर लवकरच किमान मर्यादेपर्यंत उतरते आणि उपकरण तो संपल्याचे समजून बंद पडते. मात्र त्याला थोडी विश्रांती देऊन मग सावकाश प्रवाह घेतला तर उरलेला भार निघतो. भार तेथेच होता, कार्य थांबले होते, आणि थांबण्याचे कारण वाटेत होते. थंडीत अंतर्गत रोध वाढतो आणि घट कोमट झाला की तो पुन्हा कमी होतो, यात उत्तेजकाच्या कल्पनेलाही एक प्रतिरूप सापडते. फरक एवढाच की येथे उत्तेजक प्रतिबंधकाला बाजूला सारून काम करत नाही, प्रतिबंधकाचीच मात्रा उतरवतो.

मात्र या कौलाबरोबर नैयायिकांना आपल्या सिद्धान्तात दोन दुरुस्त्या कराव्या लागतील. पहिली दुरुस्ती मात्रेची आहे. त्यांचा अभाव असतो किंवा नसतो. मणी जवळ आहे किंवा नाही. अंतर्गत रोध मात्र कधीही शून्य होत नाही, तो कमी-अधिकच होतो, आणि त्याच्या मात्रेनुसार कार्यही कमी-अधिक होते. तेव्हा अभाव हे कारण न मानता प्रतिबंधकाचे परिमाण हे कारण मानावे लागते. दुसरी दुरुस्ती अधिक मूलगामी आहे. मणी हा अग्नीहून वेगळा, बाहेरून आणलेला आणि म्हणून दूर करता येण्यासारखा पदार्थ आहे. घटातील अडथळा मात्र बाहेरून आलेला नसून ज्या जाड थरामुळे साठा मोठा झाला तोच थर वाट लांबवतो. ज्याच्यामुळे वस्तू संपन्न होते त्याच्याचमुळे तिचे देणे मंदावते, आणि ही मंदता काढून टाकायची तर संपन्नतेचा काही भाग सोडावा लागतो. प्रतिबंधक आणि सामर्थ्याचा आश्रय या दोन वस्तू आहेत हे जुन्या वादात दोन्ही पक्षांनी गृहीत धरले होते. घटाच्या उदाहरणात ते गृहीतक टिकत नाही.

शक्तिवाद्यांचा दुसरा युक्तिवाद तृण, अरणी आणि मणी यांचा होता. गवत फुंकल्याने, अरणीची लाकडे घासल्याने आणि सूर्यकांत मण्यावर सूर्याचे किरण पडल्याने अग्नी उत्पन्न होतो. तिन्ही कारणे परस्परांहून अगदी भिन्न असताना कार्य एकाच जातीचे होते, तेव्हा तिघांत समान असणारी शक्ती मानल्याशिवाय कार्यकारणभावाचा नियम सांगता येत नाही. सोळाव्या शतकातील रघुनाथ शिरोमणी हा स्वतः नव्यन्यायाचा धुरंधर असूनही त्याने शक्तीला स्वतंत्र पदार्थांत स्थान दिले, यावरून या विचाराचे वजन लक्षात येते. घटांच्या इतिहासातही अशी त्रयी आढळते. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केलेल्या शिसे-आम्ल घटापासून निकेल-कॅडमियम आणि लिथियम-आयन घटांपर्यंत द्रव्ये पूर्णपणे बदलली, परंतु प्रत्येक जातीत सावकाश देणारे आणि झपाट्याने देणारे असे दोन प्रकार करता आले. मोटारगाडीचे इंजिन सुरू करणाऱ्या शिसे-आम्ल बॅटरीत पातळ पत्रे अधिक संख्येने असतात, त्यामुळे ती काही सेकंद शेकडो ॲम्पिअर देते, पण वारंवार तळापर्यंत रिकामी केली तर खराब होते; घरातील इन्व्हर्टरच्या बॅटरीत जाड किंवा नळीदार पत्रे असतात, त्यामुळे ती तासन्‌तास पुरवठा करते. वेगाने रिकामी केलेली शिसे-आम्ल बॅटरी एकूण भारही कमी देते, हा नियम प्यूकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये मांडला. या सर्वांत समान असलेली गोष्ट मात्र अतीन्द्रिय नाही. पृष्ठभाग मोठा, वाट आखूड आणि रोध कमी, ही ती समानता. ती कोणत्याही एका द्रव्यात नसून द्रव्याच्या रचनेत आहे, आणि भिन्न द्रव्यांना एकच रचना देता येते. रघुनाथाला जाणवलेली गरज खरी होती. तिच्या पूर्तीसाठी नवा पदार्थ मानण्याऐवजी रचनेला कारणाचा दर्जा दिला तरी काम भागते.

बौद्धांचा आक्षेप वेगळ्या दिशेने येतो. त्यांच्या मते कार्य करण्याची क्षमता हेच अस्तित्वाचे लक्षण आहे. कोठारात पडलेले बी अंकुर देत नाही आणि शेतात पडलेले देते, तेव्हा ती दोन्ही एकच बी नव्हेत, क्षणाक्षणाला नवे बी उत्पन्न होत असते आणि अंकुराच्या आधीचा क्षण तेवढा समर्थ असतो. नैयायिकांचे उत्तर असे, की कोठारातील बियाची स्वरूपयोग्यता, म्हणजे स्वभावतः असलेली पात्रता, कायम असते; माती आणि पाणी हे सहकारी मिळाले की तीच पात्रता फळाला येते. कपाटात ठेवलेल्या भरलेल्या घटाविषयी हे उत्तर बहुतांशी खरे आहे, पण पूर्णपणे नाही. न वापरलेला घटही आपला भार हळूहळू गमावतो, कालांतराने त्याचा रोध वाढतो, आणि वापरताना प्रत्येक फेरीगणिक त्याचे द्रव्य थोडे थोडे झिजते. वस्तू क्षणोक्षणी वेगळी होते असे म्हणण्याइतका हा बदल मोठा नाही. परंतु पात्रता ही एकदा मिळालेली आणि वापर होईपर्यंत अबाधित राहणारी ठेव आहे, या नैयायिकांच्या समजुतीलाही त्याने मर्यादा पडते.

या दाखल्याची स्वतःची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’च्या पहिल्या प्रकरणात शिव आणि शक्ती यांच्या अभेदाचे जे निरूपण आहे, त्याचा विषय विश्वाचे मूळ हा आहे, एखाद्या वस्तूची कार्यक्षमता हा नव्हे, मोजमापाच्या बळावर त्या निरूपणाचे मंडन किंवा खंडन करू पाहणे हा विषयांचा संकर ठरेल. घटाचा दाखला फक्त सीमित, सावयव आणि झिजणाऱ्या वस्तूंच्या सामर्थ्यापुरता लागू पडतो. माणूस मात्र अशा वस्तूंत मोडतो, आणि म्हणून धर्मविचारातील एका प्रश्नावर या दाखल्याचा प्रकाश पडू शकतो.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय अधिकाराचा, म्हणजे एखादे कर्म करण्यास कोण पात्र आहे याचा, विचार करतो आणि फळाची इच्छा व आवश्यक ज्ञान यांच्या जोडीला सामर्थ्य हीही अधिकाराची अट ठरवतो. त्याच अध्यायात नित्य आणि काम्य कर्मांमध्ये केलेला भेद लक्षणीय आहे. अग्निहोत्रासारखे जन्मभर दररोज करायचे नित्य कर्म सर्व अंगांसह जमले नाही तरी यथाशक्ती केले असता चालते. विशिष्ट फळासाठी केलेले काम्य कर्म मात्र सर्व अंगांसह पूर्ण झाले तरच फळ देते. पहिल्यात मागणी टिकून राहण्याची आहे आणि कमी-अधिक होण्यास वाव आहे. दुसऱ्यात मागणी एका मर्यादेत सर्व काही पुरे करण्याची आहे आणि उणीव चालत नाही. मीमांसकांनी शक्तीला वस्तूहून निराळे तत्त्व मानले, पण कर्माच्या व्यवहारात त्यांनी सामर्थ्याची मोजणी एकाच मापाने केली नाही, हे येथे दिसते.

त्यांच्या या व्यवहाराला घटाच्या दाखल्यातून एक कारण पुरवता येते, जे त्यांच्या शक्तिसिद्धान्तातून मिळत नाही. सामर्थ्य हा वस्तूत भरलेला एकजिनसी साठा असता, तर अधिक समर्थ कोण हा प्रश्न एकाच श्रेणीत सुटला असता आणि मोठ्या साठ्याचा धनी प्रत्येक कामाला अधिक पात्र ठरला असता. साठा आणि त्याची वाट यांचे नाते म्हणजे सामर्थ्य असेल, आणि साठा वाढवणारी रचनाच वाट अडवत असेल, तर कोणत्या कामासाठी, किती वेळात आणि किती काळ हे सांगितल्याखेरीज सामर्थ्याची तुलना करताच येत नाही. संकटाच्या घटकेला जो पुढे सरसावू शकत नाही त्याच्या पोटी काहीच नाही, किंवा जो एकदा भरभरून देतो तो वर्षानुवर्षे तसाच देत राहील, ही दोन्ही अनुमाने सारखीच सदोष आहेत. दोन्हींत एका मागणीने केलेली मोजणी दुसऱ्या मागणीला लावली जाते. अधिकाराचा विचार करणाऱ्या कोणत्याही शास्त्राने, मग ते यज्ञाचे असो वा समाजव्यवहाराचे, पात्र कोण हे ठरवण्याआधी आपली मागणी नेमकी कोणत्या प्रकारची आहे हे स्पष्ट करणे म्हणूनच आवश्यक ठरते.