दाराच्या पोटातला गंज

सज्जनहो, गंज म्हणजे काय हे आपल्या शेतकरी वारकऱ्याला शिकवावे लागत नाही. गोठ्याच्या आढ्याला खोचलेला विळा पावसाळा सरल्यावर काढला की तो तांबडा झालेला असतो. परंतु विळ्याचा गंज बरा, कारण तो डोळ्यांना दिसतो. दगडावर चार वेळा घासला की पाते पुन्हा लखलखते. आज आम्हाला बोलायचे आहे ते न दिसणाऱ्या गंजाविषयी, आणि त्यासाठी दृष्टांत घेतला आहे मोटारीचा. तोही साध्यासुध्या नव्हे, चांगल्या लाखो रुपयांच्या उंची मोटारीचा. कोणी म्हणेल, "अहो, वारकऱ्याला मोटारीशी काय कर्तव्य? त्याचे वाहन पाय!" खरे आहे. पण संतांनी मडक्याचे आणि मळ्याचे दृष्टांत घेतले, कारण ऐकणाऱ्याच्या दाराशी तेच होते. आता दाराशी मोटार आली आहे, तर दृष्टांतही तिच्यातूनच काढला पाहिजे.

छत्रपती संभाजीनगराहून जालन्याच्या रस्त्याने निघाले की शेंद्रा लागते. मांगीरबाबांच्या जत्रेमुळे हे गाव पंचक्रोशीला पूर्वीपासून ठाऊक. पुढे येथे औद्योगिक वसाहत झाली. 2001 साली स्कोडा कंपनीचा कारखाना सुरू झाला आणि परदेशातून आलेले सुटे भाग जोडून ऑक्टाव्हिया गाडी येथून बाहेर पडू लागली. काही वर्षांत ऑडीच्या गाड्याही येथेच जोडल्या जाऊ लागल्या. शेंद्रा आणि बिडकीन मिळून ऑरिक ही उद्योगनगरी झाली. त्यातले बिडकीन तर आपल्या नाथांच्या पैठणच्या वाटेवरचे. शहराची हौसही मागे राहिली नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये येथल्या मंडळींनी मिळून एकाच दिवशी सुमारे दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या, सुमारे पासष्ट कोटी रुपयांच्या, आणि त्याची बातमी देशभर झाली. त्या साली घेतलेली कोणतीही गाडी आता पंधरा वर्षांची झाली. खाजगी मोटारीची नोंदणी कायद्याने पंधरा वर्षांचीच असते. पुढे तपासणी करून घेऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. म्हणजे आयुष्याचा हिशेब देण्याची वेळ त्या वैभवालाही आली.

अशी गाडी पाहायला गिऱ्हाईक येते. ते काय पाहते? रंग पाहते, गादी पाहते, इंजिनचा आवाज ऐकते. दाराच्या पोटात कोण हात घालणार? आणि रोग तर तिथेच असतो.

आता हे दार कसे केलेले असते ते ऐका. दार म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरचा गुळगुळीत पत्रा वेगळा, आतला सांगाड्याचा पत्रा वेगळा; बाहेरच्याची कड आतल्यावर दुमडून दाबलेली, भाकरीची कड दुमडावी तशी. दोहोंच्या मध्ये पोकळी. खिडकीची काच खाली उतरते ती त्या पोकळीतच. काचेला रबराची पट्टी असते, तरी पावसाचे थोडे पाणी काचेवरून ओघळून आत जातेच. नवी गाडी असो, जुनी असो, स्वस्त असो, महाग असो, पाणी आत जाते. कारखानदाराला हे पुरते ठाऊक असते. म्हणून तो दाराच्या तळाशी, अगदी खालच्या कडेला, बारीक भोके ठेवतो. वरून आलेले पाणी खालून निघून जावे, एवढीच त्याची युक्ती.

मग बिघडते कोठे? त्या भोकांत. धूळ बसते, पाल्याचा चुरा बसतो, चिखल वाळतो, आणि एक दिवस भोक बुजते. मग पाणी आत येते आणि आतच राहते. लोखंड, पाणी आणि हवा, तिघे एकत्र आले की गंजाला आमंत्रण धाडावे लागत नाही. दुमडलेल्या कडेत ओल धरते, तेथून गंज सुरू होतो आणि आतून बाहेर येत राहतो. गंजाला लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते, म्हणून तो फुगतो आणि रंगाला आतून ढकलतो. मालकाला दाराच्या खालच्या बाजूला मोहरीएवढा फोड दिसतो. तो म्हणतो, "आजच आला हो!" आज आलेला नसतो तो. आज फक्त दिसला. आत तो कित्येक पावसाळे मुरलेला असतो.

कोणी विचारील, "कोकणात, मुंबईत खारी हवा, तिथे हे व्हायचेच. आपल्या मराठवाड्यात पाऊसच कमी, इथे गंज कुठला?" या शंकेतच फसगत आहे. पाऊस कमी म्हणून धूळ जास्त. आठ महिने भोकांत धूळ साचते, मृगाचा पहिला पाऊस तिचा गारा करतो, आणि काळ्या मातीचा तो गारा ओल किती दिवस धरतो हे आम्ही शेतकऱ्याला काय सांगावे! संकट थोडे असले की माणूस गाफील राहतो, हे शरीरालाही लागू, मनालाही लागू.

कारखान्यात काळजी घेत नाहीत असे नाही. चांगल्या गाडीच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो, सगळा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या योगाने रंग आतबाहेर बसवतात, भट्टीत भाजतात, पोकळीत मेणासारखा लेप फवारतात. यातल्या जस्ताची गोष्ट मोठी मनोहर आहे. ओल आली की जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. आईबापांची पुण्याई अशीच असते. त्यांनी उपास काढले, शब्द पाळले, दाराशी आलेल्याला तुकडा दिला. त्या मुलाम्यावर पुढची पिढी निभावते आणि समजते की चकाकी आपलीच! पण जस्त झिजायचे तेवढे झिजते आणि संपते. संपले की लोखंडाची पाळी.

फोड दिसल्यावर दोन वाटा असतात. एक झटपट वाट. मिस्त्री वरचा फोड घासतो, लांबी भरतो, रंग मारतो. संध्याकाळपर्यंत दार आरशासारखे. आतली ओल तशीच, बुजलेले भोक तसेच. एकदोन पावसाळ्यांत फोड पुन्हा येतो आणि या वेळी बोट टेकले तर बोट आत जाते. मिस्त्री म्हणतो, "साहेब, पत्रा सडला." दुसरी वाट कष्टाची आहे. दाराचे आतले अस्तर उघडायचे, चिखल काढायचा, भोके मोकळी करायची, गंज खरवडायचा, सडलेला तुकडा कापून नवा जोडायचा, त्यालाही आतून लेप द्यायचा, मग बाहेरचा रंग. खर्च जास्त, वेळ जास्त, आणि केलेल्या कामातले बरेचसे कोणाला दिसत नाही. परंतु गाडी वाचते ती या वाटेने.

हा झाला दृष्टांत. आता सिद्धांत पाहू. मनात क्रोध येऊच नये, मत्सर शिवूच नये, असा आग्रह धरून पुष्कळ साधक थकतात. अहो, काच खाली-वर व्हायची तर फट राहणारच! संसारात कान उघडे, डोळे उघडे. अपमानाचे चार शब्द आत येणारच. घात होतो तो आलेले बाहेर न गेल्यामुळे. आणि ते भोक कोठे ठेवले आहे पाहा: सगळ्यांत खाली. पाणी उताराने जाते. ज्याला खाली वाकता येत नाही त्याच्या आतले पाणी निघायला वाटच उरत नाही. वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, तो नुसता रिवाज समजू नये. वर्षभर बुजलेली भोके तिथे मोकळी व्हायची असतात.

पैठणात गोदावरीवर स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक माणूस थुंकला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नाथ परत फिरले, पुन्हा स्नान केले. तो पुन्हा थुंकला. असे एकशे आठ वेळा झाले म्हणतात. लोक त्यात नाथांची सहनशक्ती पाहतात. आम्हाला आणखी एक गोष्ट दिसते. पहिल्या वेळचे दुसऱ्या वेळेपर्यंत उरलेच नाही. उरले असते तर दहाव्या वेळेला नाथही फुटले असते! आले आणि गेले. शांतीब्रह्म पदवी उगाच मिळालेली नाही.

आता थोडे कडू बोलतो, मंडळींनी राग मानू नये. समजा, शेंद्र्याच्या बाजूचाच एक शेतकरी आहे. जमीन वसाहतीत गेली, मोबदला आला. घर झाले, दाराशी मोटार आली. गळ्यात माळ आहे, सप्ताहाला हात सढळ आहे, काल्याच्या पंगतीला तूप वाढतो. परंतु मोबदल्याच्या वेळी धाकट्या बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली होती, ती पुरते न सांगता. बहीण काही बोलली नाही. फक्त त्या वर्षापासून भाऊबीजेला आली नाही. विचारले की हा म्हणतो, "तिच्या घरी लेकरांच्या परीक्षा असतात." पंधरा वर्षे परीक्षा! लेकरांची लग्ने झाली तरी परीक्षा संपेनात. वाचकहो, ही लांबी आहे. वर सप्ताहाचा रंग छान बसला आहे, आत पत्रा सडतो आहे. विठोबा रंग पाहून फसत नाही. आणि मोटारीचे दार नवे मिळते, बहीण नवी मिळत नाही.

तेरला गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची मस्तके ठोकून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा प्रसिद्ध आहे. जाणता मिस्त्री दाराच्या तळाला बोट वाजवून पाहतो तेव्हा आम्हाला काका आठवतात. निरोगी पत्रा खणखणतो, लांबी भरलेला बद्द वाजतो. नामदेवांना राग आला, दुःख झाले. पण त्यांनी वरून रंग दिला नाही. देवाच्या सांगण्यावरून ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि आतून दुरुस्त होऊन आले. ज्याच्याशी देव बोलत होता त्याला जर अस्तर उघडावे लागले, तर आपली काय कथा? म्हणून घरात कोणी आपल्याला ठोकून पाहिले, बायकोने, लेकाने, शेजाऱ्याने, तर आवाज कसा आला तेवढे ऐकावे. ठोकणाऱ्याचा हात धरू नये.

व्यवहाराचेही दोन शब्द. ज्याच्याकडे मोटार आहे त्याने मृगाआधी दाराच्या तळाची भोके पाहावीत आणि लाकडी काडीने मोकळी करावीत. लोखंडी तारेने रंग खरवडतो आणि तिथेच नवा गंज धरतो. दुसऱ्याचा दोष काढतानाही हीच काडी वापरावी. ओल्या गाडीवर कापड झाकून ठेवू नये. आणि जुनी गाडी विकायची झाल्यास गंज असेल तर गिऱ्हाइकाला आधी सांगावा, मग भाव करावा. चार पैसे कमी येतील. पण लांबी भरून विकलेल्या दाराचे जास्तीचे पैसे घरात आले, की तेही बंद पोकळीतले पाणीच.

राहिला तो भाऊ. त्याला आमचे सांगणे एवढेच, की यंदाच्या आषाढीला दिंडीत चालण्याआधी एकदा बहिणीच्या गावी जावे. मोटारीने गेले तरी चालेल. तिच्या उंबऱ्याशी खाली बसावे, जे तेव्हा सांगितले नाही ते आता सांगावे, आणि तिचा वाटा काय देणे लागते ते तिच्या तोंडून ऐकावे. मग पंढरीची वाट धरावी.

रामकृष्णहरि.