मणका आणि गालिचा

मोटारींच्या शर्यतीच्या एका ट्रॅकजवळ म्हाताऱ्या मिस्त्रीचे गॅरेज होते. एके सकाळी एक तरुण आपली दोन आसनी स्पोर्ट्स कार घेऊन तिथे आला. गाडी जुनी होती, पण आतून नव्यासारखी होती. चामड्याच्या सीटवर ओरखडा नव्हता, गालिच्यावर डाग नव्हता.

तरुणाने डिकीतून शर्यतीचा हार्नेस काढला. "काका, हे पट्टे बसवून द्या. पण आत एकही भोक पडता कामा नये. जागा मी हेरून ठेवलीय." त्याने सीटमागे जमिनीतला एक बोल्ट दाखवला. "खांद्यांचे पट्टे इथे आवळले की झालं."

मिस्त्रीने वाद घातला नाही. त्याने बुटक्या पाठीची खुर्ची ओढली आणि तरुणाला तीत बसवले. दोन पट्टे त्याच्या खांद्यांवरून मागे टाकले आणि जमिनीकडे ओढले.

"कुठे दाबतंय?"

"खांद्यांवर. पाठीच्या कण्यातही."

मग मिस्त्रीने तेच पट्टे खांद्यांच्या उंचीवरून सरळ मागे ओढले. "आता?"

"छातीवर. कणा मोकळा आहे."

"मी नुसत्या हातांनी ओढले. धडकेत तुझंच अंग पुढे झेपावेल आणि पट्टे याच्या कितीतरी पट ताणले जातील. ते मागे आडवेच जायला हवेत. उतरले तर फार तर २० अंश."

तरुण थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे मागच्या पत्र्याला भोक पाडायचं?"

"तो पत्रा पातळ आहे. बोल्टसकट फाटून येईल."

मिस्त्रीने सीटवर जुनी चादर पसरली. प्लॅस्टिकच्या पातीने बाजूच्या खांबावरचे झाकण अलगद उचकले. आत मूळ पट्ट्याचा जाड बोल्ट होता, गाडीच्या सांगाड्यात पक्का रुतलेला.

"कारखान्याने ताकद कुठे ठेवलीय ते आधी बघावं," तो म्हणाला. "अशाच जागांवर बसणारा रोलबार या गाडीसाठी मिळतो. त्याच्या आडव्या नळीला पट्टे बांधू. हार्नेसमध्ये माणसाला खाली वाकता येत नाही. गाडी उलटली तर डोकंही रोलबारच राखेल."

रोलबार यायला वेळ लागला. तरुण थांबला.

कमरेचा पट्टा पोटावर सरकू नये म्हणून मांड्यांमधून जाणारे पट्टे हवे होते. चामड्याच्या सीटला त्यासाठी फट नव्हती. मिस्त्रीने सीट कापली नाही. उतरवून चादरीत गुंडाळली आणि तिच्याच बोल्टांच्या जागी शर्यतीची सीट बसवली. मूळ पट्टे जागच्या जागी ठेवले. "रस्त्यावर हेच लावायचे," त्याने बजावले. मग तरुणाला बसवून कमरेचा पट्टा हाडांवर घट्ट केला, नंतर खांद्यांचे आवळले.

संध्याकाळी तरुणाने गाडीत सगळीकडे हात फिरवला. नवे भोक एकही नव्हते. गालिचा होता तसाच होता.

जपायच्या गोष्टी एकाच वेळी अनेक असतात, आणि डोळ्यांना दिसणारी गोष्ट पहिला मान मागते. तो तिला दिला की न दिसणारी, पण मोलाची गोष्ट पणाला लागते. मोलाचे आधी धरून जरा धीराने शोधले, तर बाकीचेही बहुधा वाचते.