आपल्याच बाजूला विचारायचे प्रश्न

आपली बाजू न्याय्य असेल, तर तिच्या मार्गांवर प्रश्न विचारावा का? या प्रश्नाशी आलो की मला चिचेस्टरचे अँग्लिकन बिशप जॉर्ज बेल आठवतात.

९ फेब्रुवारी १९४४. हिटलरविरुद्धचं युद्ध ऐन भरात होतं. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये उभं राहून बेल यांनी सरकारला जाब विचारला : शहरंच्या शहरं बेचिराख करणं कोणत्या न्यायात बसतं? लष्करी ठिकाणांवर आणि कारखान्यांवर बॉम्ब टाकायला त्यांचा विरोध नव्हता. सरसकट वस्तीलाच लक्ष्य करण्याला होता. आदल्या वर्षीच्या जुलैत हाम्बुर्गमध्ये हजारो सामान्य माणसं जळून मेली होती.

तुम्ही म्हणाल, सुरक्षित बाकावरून बोलणं सोपं असतं. बॉम्बर कमांडची ५५ हजारांहून अधिक माणसं त्या युद्धात गेली. त्यांच्या आईवडिलांना हे भाषण किती लागलं असेल! हा आक्षेप मलाही खरा वाटतो. पण युद्ध घरात येणं म्हणजे काय, हे बेल यांना ठाऊक होतं. त्यांचे दोन भाऊ १९१८ साली पहिल्या महायुद्धात मारले गेले होते. आणि नाझींबद्दल त्यांना जराही माया नव्हती. जर्मनीतून पळालेल्या, ज्यू वंशाच्या पाद्र्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना त्यांनी इंग्लंडमध्ये आसरा मिळवून दिला. १९४२ मध्ये स्वीडनमध्ये बॉनहोफर यांच्याकडून कळलेली हिटलरविरोधी कटाची माहिती त्यांनी परराष्ट्रमंत्री ईडन यांच्यापर्यंत पोचवली. शत्रूला लावलेली मोजपट्टी त्यांनी स्वतःच्या देशालाही लावली, एवढंच.

उपयोग काय झाला? हल्ले थांबले नाहीत. वर्षभराने ड्रेस्डेन जळालं. १९४४ मध्येच कँटरबरीचे आर्चबिशप टेंपल वारले, पण ते पद बेल यांना मिळालं नाही. या भाषणाचीच ती किंमत होती, असं पुष्कळांना वाटतं. तरीही ब्रिटनमध्ये त्या काळात हे कोणाला दिसलंच नाही, असं आज म्हणता येत नाही, ते त्यांच्यासारख्या मोजक्या माणसांमुळे.

आपल्याला, परदेशात राहणाऱ्यांना, ‘आपली बाजू’ एकच नसते. भारताबद्दल बोललो तर ‘तिकडे बसून शिकवू नका’. इथल्याबद्दल बोललो तर ‘मग आलात कशाला?’ गप्प राहणं सोयीचं असतं. मीही राहिलो आहे.

म्हणून आता स्वतःला एकच विचारतो : हेच समोरच्यांनी केलं असतं, तर मी गप्प बसलो असतो का? उत्तर बहुतेक वेळा लगेच मिळतं. तोंड उघडायला मात्र अजून वेळ लागतो. तुमचं काय होतं?