एलियाला आधी भाकर मिळाली



एलिया संदेष्टा केवढा धीराचा! कर्मेल डोंगरावर बआलाच्या ४५० संदेष्ट्यांसमोर तो एकटा उभा राहिला. पण ईजबेल राणीने जिवे मारण्याची धमकी देताच तोच एलिया पळाला. बैर-शेबा येथे त्याने आपल्या सेवकालाही मागे ठेवले, एकटाच रानात गेला आणि रतामाच्या झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागू लागला (१ राजे १९). परमेश्वर त्याच्यावर रागावला नाही. विश्वास कमी पडला, असा ठपकाही ठेवला नाही. आधी त्याला झोपू दिले. मग देवदूताने उठवले, तेव्हा उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी होते. तो जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूत पुन्हा आला. होरेबवरचे दर्शन आणि पुढची कामगिरी हे सगळे त्यानंतर, ४० दिवसांची वाट चालून झाल्यावर.

आपण मात्र उपदेशापासून सुरुवात करतो. शुगर-बीपीच्या गोळ्या सर्वांदेखत घेतो. पण सुनेला महिनोन्महिने झोप लागत नसेल तर ती 'नाटकं करते', बारावीचा मुलगा दार लावून बसला तर त्याला 'मोबाइलचं वेड'. डॉक्टरकडे न्यायचे म्हटले की बहिणीच्या सोयरिकीची काळजी! नेलेच तर पुण्याला, ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून. हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला अवश्य जा, नवस बोला. परंतु नवस बोललो म्हणून गोळ्या बंद करू नका. बेनसिराच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात प्रार्थना आणि वैद्य शेजारीशेजारीच आहेत.

आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दाम्पत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवून तयार केले. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या. त्या घरोघर जात, बाळंतिणीची आणि मुलांची विचारपूस करीत. लाजेपोटी दडवलेला कुष्ठरोगही त्यांच्यामुळे उजेडात आला आणि गावातच उपचार होऊ लागले. आरोळे दाम्पत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो मोठाच. पण मला अधिक मोलाचे वाटते ते असे, की दारात ओळखीची बाई आली तर माणूस मनातले बोलतो.

आपल्या सावेडीत, पाइपलाइन रोडपासून भिस्तबागपर्यंत, शेजारच्या फ्लॅटमधल्याचे नाव ठाऊक नसते. पण मिस्साला कोण कोणत्या बाकावर बसते, हे आपल्याला पाठ आहे (कोण उशिरा येते तेही!). तीन रविवार एखादी जागा रिकामी दिसली, तर डबा घेऊन त्या घरी जा. 'प्रार्थना करा, सगळं ठीक होईल' हे पहिल्याच भेटीत नको, आधी ऐका. एकदा जाऊन भागत नाही, देवदूतही दोनदा आला होता.

आणि बोलण्यात मरणाची भाषा आली, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडे न्या. शासनाची टेली-मानस ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. क्रमांक आजच फोनमध्ये जतन करून ठेवा.