दोन सेंटिमीटरचा माणूस

छोटी रेल्वे म्हटली की लहान मुलाचे खेळणेच डोळ्यांपुढे येते. पण चांगली कर्ती, केस पिकलेली माणसेही या नादात आयुष्य घालवतात. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीपट लहान गाडी, १६.५ मिलिमीटर रुंदीचे रूळ, स्थानक, बोगदा, टेकडी, गाव असा सगळा संसार एका मोठ्या टेबलावर मांडतात. पुण्यातले जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय पुष्कळांनी पाहिले असेल. जर्मनीत हॅम्बुर्ग शहरी २००१ साली उघडलेल्या मिनिआटूर वुंडरलँडमध्ये तर असा पसारा आहे, की त्यात अडीच लाखांहून अधिक माणसे आहेत.

आपला विषय या माणसांचाच. गाडी धावू लागली, दिवे लागले, तरी माणसावाचून गाव ओसाडच दिसते. मग माणसे विकत आणावी लागतात. ती अवघी दोन सेंटिमीटर उंचीची. जर्मनीची प्रायझर कंपनी अशा माणसांसाठीच नावाजलेली आहे. प्रवासी, हमाल, पोलीस, लग्नाचे वऱ्हाड, सगळे पाकिटात मिळते. पैसे मोजायचे आणि माणूस निवडायचा. निवडून झाला, की गोंदाचा एक थेंब लावून त्याला जागेवर चिकटवायचा.

नवशिक्याला धावणारा माणूस आवडतो. गाडी सुटते आहे, एकजण पिशवी सावरत धावतो आहे. पहिल्यांदा पाहताना मौज वाटते. गाडी एक फेरी मारून येते, तरी त्याचा पाय हवेतच. दहावी फेरी होते, पाय अजून हवेतच. आता त्याची कीव येऊ लागते. म्हणून जाणते लोक सांगतात, थांबलेली माणसे घ्या. बाकावर बसलेला, खांबाला टेकलेला, हात मागे बांधून रुळाकडे पाहणारा. थांबलेला माणूस खोटा वाटत नाही. तो आत्ता उठेल, घरी जाईल, असे वाटत राहते. त्याच्यापुढे काहीतरी शिल्लक असते.

माउली, जिवंत माणसांनाही आपण असेच चिकटवतो की नाही? कोणा एकाने वीस वर्षांपूर्वी दुकानाची उधारी बुडवली. आज त्याचा मुलगा कमावता झाला, त्याने स्वतः पैसे फेडले, तरी गावाच्या लेखी तो त्या दुकानाच्या पायरीवरच मान खाली घालून उभा. जाऊबाई एकदा रागाने बोलून गेल्या, त्यांचा तो वर केलेला हात आपण कधी खालीच येऊ दिला नाही. प्लास्टिकच्या माणसाला पाय खाली टेकवता येत नाही. या दोघांनी तो केव्हाच टेकवला. आपण पाहिले नाही, इतकेच.

पण जाणत्यांच्या या सल्ल्यात एक मेख आहे. पाकिटातला प्रवासी बसलेलाही मिळतो. रुळावरचा मजूर मात्र बहुधा कुदळ उगारलेला, नाहीतर फावडे खुपसलेला. थांबलेलीच माणसे घ्यायची म्हटले, की प्रवासी सगळे येतात आणि गँगमन बाहेर राहतो. फलाट दिसतो छान. पण ज्याच्यामुळे गाडी रुळावर आहे, तोच तिथे नाही. आणि घ्यावा, तर जन्मभर कुदळ उगारून उभा ठेवावा लागतो. कोणी म्हणेल, खेळ आहे, मालकाने हवे ते मांडावे. खरे आहे, प्लास्टिकला काही दुखत नाही. पण टेबलावर माणूस निवडणारी नजर आणि रस्त्यावर माणूस पाहणारी नजर काही निरनिराळ्या नसतात. झाडूवालीला आपण झाडूसकटच पाहतो. ती बसली, की आपल्याला ती कामचुकार वाटते. आपण बसलो, की तो विसावा!

कुर्डुवाडीहून पंढरपूरला पूर्वी अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे जात असे. उद्या कोणी ती टेबलावर मांडली, तर फलाटावर वीणेकरी, तुळस घेतलेली माय, पताका खांद्यावरचा म्हातारा हे ओघाने येतीलच. लाह्या विकणारी येईल का? पाणी भरणारा? ज्याने वारी चाललीय यांच्यापैकी, त्याने विसाव्याची जागा आठवावी. पखवाज गळ्यातून उतरवून झाडाला टेकवलेला असतो आणि पखवाजी पाय चोळत बसलेला असतो. त्या घटकेला तो फक्त माणूस असतो, कोणाचा तरी भाऊ, कोणाचा तरी बाप.

हौशी लोक माणसांवर कारागिरी करतात. ब्लेडने हात कापून दुसरीकडे वळवतात, कपडे रंगवून बदलतात. तेव्हा बाकावरचा एखादा प्रवासी घ्यावा, त्याची टोपी खरवडावी, अंगावर नारिंगी जाकीट रंगवावे आणि त्याला रुळांच्या कडेला लिंबाखाली बसवावे. कुदळ बाजूला आडवी. मांडीवर भाकरीचे फडके. गाडी येईल, जाईल, पुन्हा येईल. त्याला जेवू द्यावे.