पिशवी

माणुसकीचा कळवळा आम्हाला फार. फक्त तो अंधारात, तिकीट काढून खुर्चीत बसल्यावरच येतो. गावाने वाईट ठरवलेला घोडेस्वार शेवटी त्याच गावासाठी गोळी झेलतो, तेव्हा आमचा रुमाल भिजतो. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' (1957) तर चारदा पाहिला. सहा खुनी, ओसाड माळ आणि एक जेलर! गोष्ट हवेतली नाही हो. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला 1939 साली कैद्यांची बिनभिंतींची वसाहत उभी राहिली होती.

परवा आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीच्या बोटीची वाट पाहत होतो. शेजारचे दणकट गृहस्थ बोलता बोलता म्हणाले, "सात वर्षं आत होतो, साहेब. मारामारीत माणूस गेला. आता सुपारीची बाग राखतो."

"वा! छान!" मी म्हणालो, आणि माझ्या हाताने मला न विचारता पिशवी मांडीवर घेतली.

त्यांनी पाहिलं. बोलले काहीच नाहीत. मला मोकळं वाटावं म्हणून जरा लांब सरकून बसले, इतकंच.

शिक्षा किती वर्षांची, ते कोर्ट सांगतं. ती संपली, हे कोणी सांगायचं? बहुधा शेजारी बसणाऱ्याने. स्वतंत्रपूरला नसलेली भिंत माझ्या मांडीवर होती; आत दोन पायजमे आणि दाढीचं सामान.

बोट लागली. मी धीर करून म्हणालो, "जरा पिशवी धरता?"

त्यांनी ती दिघीपर्यंत सांभाळली. मी तिच्याकडे तीनदाच पाहिलं.

सुधारायला वेळ लागतोच माणसाला.