तीन किलो पाणी

चार दिवसांत तीन किलो चरबी उतरवली म्हणून तालीमभर सांगत फिरतोस? बस खाली. वही काढ आणि मी सांगते तो हिशेब स्वतःच्या हाताने मांड. एक किलो चरबी जाळायला साधारण ७,७०० किलोकॅलरी खर्च व्हाव्या लागतात. तीन किलोच्या झाल्या २३,१००. पहाटेच्या जोर-बैठका, संध्याकाळचा मॅटवरचा सराव, पळणं, सगळं धरून तुझ्या अंगाचा पोरगा दिवसाला साडेतीन हजार खर्च करील, फार तर चार हजार. चार दिवस तोंडात घास घातला नसतास तरी सोळा हजारांच्या पुढे आकडा जात नाही. तू तर अंडी खात होतास, बिनमिठाची भाकरी खात होतास. मग गेली कुठली चरबी? बारावी विज्ञानाला बसलेल्या मुलाला हा एवढा गुणाकार करून बघावासा वाटला नाही, याचा मला संताप आहे.

गेलं ते पाणी. गेल्या वर्षी मी तुला उत्सर्जन संस्थेचं प्रकरण शिकवलं, आकृतीही सुरेख काढली होतीस. पण परीक्षेपुरतं पाठ केलेलं पोटात उतरत नाही, ते हे असं. आता पुन्हा ऐक. पेशींच्या बाहेर जे पाणी असतं, म्हणजे रक्तातलं आणि पेशींच्या मधल्या फटींतलं, ते किती राहणार हे सोडियम ठरवतं. रक्तातलं सोडियम दर लिटरला १४० मिलिमोलच्या आसपास ठेवायचं हा शरीराचा हट्ट असतो. मीठ जास्त खाल्लंस की तहान लागते, मेंदूतून पाणी राखणारं संप्रेरक सुटतं, लघवी आटते, आणि मिठाच्या प्रमाणात पाणी अंगात थांबतं. मीठ कमी झालं की तेवढं पाणी बाहेर सोडलं जातं. दवाखान्यातल्या सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं ना? लिटरला नऊ ग्रॅम मीठ. अंगातून आठ-नऊ ग्रॅम मीठ गेलं की लिटरभर पाणी त्याच्यामागून जातं, आणि लिटरभर पाणी म्हणजे काट्यावर एक किलो. तू मीठ तोडलंस, वर प्लॅस्टिकचा सूट घालून पळालास. एका लिटर घामात एक ते चार ग्रॅम मीठ जातं. शेवटच्या दिवशी पाणीही सोडलंस. भात-भाकरी कमी केलीस म्हणून स्नायूंतलं ग्लायकोजन संपलं, आणि त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी असतं, तेही गेलं. झाले तुझे तीन किलो.

हे नवं नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये रॉबर्ट मॅकन्स नावाच्या डॉक्टरांनी १९३०च्या दशकात स्वतःवर आणि काही स्वयंसेवकांवर हाच प्रयोग केला. जेवणातून मीठ काढलं, उष्णतेखाली झोपून रोज घाम काढला. पहिल्या काही दिवसांत वजन भराभर उतरलं, कारण मिठामागोमाग पाणी जात होतं. मग उतरायचं थांबलं. मीठ जातच राहिलं, पण शरीराने पाणी धरून ठेवलं, कारण आणखी पाणी सोडलं असतं तर रक्तच अपुरं पडलं असतं. त्या माणसांच्या तोंडाची चव गेली, स्नायूंत गोळे येऊ लागले, थोड्याशा हालचालीने दम लागायला लागला, जिवात त्राण उरलं नाही. १९३६ साली हे सगळं छापून आलं. मॅकन्सला हे जाणून घ्यायचं होतं, म्हणून त्याने तपासण्या करत, रोजची नोंद ठेवत केलं. तू कोणाच्या तरी मोबाइलवरचा व्हिडिओ बघून केलंस.

आणि किडनीला काय समजतोस? दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात. त्यात जवळजवळ दीड किलो मीठ असतं. त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त त्या परत रक्तात घेतात. मीठ मिळेनासं झालं की अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ही राखण आणखी कडक होते, इतकी की चार-पाच दिवसांत लघवीतून मीठ जाणं जवळपास बंद होतं. आता पुढचं नीट ऐक. कुस्ती झाली, तू सुटलास, तांबडा-पांढरा रस्सा ओरपलास, पापड-लोणचं खाल्लंस. पण ते संप्रेरक काही त्याच रात्री खाली येत नाही. दुष्काळातून आलेल्या माणसाला धान्य दिसावं तशी किडनी मिठाचा कण न् कण साठवते, आणि मिठाबरोबर पाणी. सोमवारी वर्गात तू बाक ओढून बसलास तेव्हा मी तुझे पाय पाहिले. मोज्याच्या रबराचा वळ नडगीवर खोल उठलेला होता, घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा राहिला असता. दोन दिवसांपूर्वी एकसष्ट भरलेला मुलगा त्या दिवशी चौसष्टच्या वर होता, हे मला काट्याशिवाय कळलं. मग चरबी दोन दिवसांत परत आली म्हणायची का?

मॅटवर काय झालं तेही तुझ्याच तोंडून ऐकलंय. पहिली दीड मिनिटं बरी गेली, मग हात जड झाले, पकड सुटली, छाती धडधडायला लागली. वस्ताद म्हणाले दम कमी पडला. दम कमी पडला नाही, रक्त कमी पडलं. रक्तातलं पाणी घटलं की हृदयाच्या दर ठोक्याला कमी रक्त ढकललं जातं, मग ठोके वाढवावे लागतात. घाम कमी येतो, अंग तापत जातं. वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झालं तरी ताकद टिकत नाही. तुझ्या वजनाला ते सव्वा किलो. तू तीन घालवले होतेस. "वजन झाल्यावर भरपूर पाणी प्यायलो की" असं उत्तर दिलंस मला. नुसतं पाणी प्यालास तर रक्त पातळ होतं, किडनी ते लघवीवाटे काढून टाकते. पाणी अंगात राहायला मीठ लागतं. म्हणून तर ओआरएसच्या लिटरच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ असतं आणि सोडियम सायट्रेट वेगळं असतं. आणि २०१८पासून आंतरराष्ट्रीय कुस्तीत वजन आदल्या संध्याकाळी होत नाही, त्याच सकाळी होतं. दोन-तीन तासांत तीन लिटर भरून निघत नाही, कोणाचंच नाही. सलाईन लावून घेईन म्हणत होतास. रुग्णालयातल्या खऱ्या उपचाराखेरीज बारा तासांत शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त शिरेतून घेणं खेळाडूला मना आहे. पाणी काढणारी गोळी तर कुठल्याही दिवशी मना आहे, स्पर्धा असो नसो. त्या गोळीने सोडियमबरोबर पोटॅशियमही जातं, आणि पोटॅशियम फार खाली गेलं की हृदयाचा ताल बिघडतो. तुझ्या पिशवीत ती गोळी मला दिसली तर मी तुझ्याशी नाही, तुझ्या वडिलांशी बोलेन.

विनेश फोगाटचं नाव पुढे करू नकोस. पॅरिस ऑलिंपिकला २०२४च्या ऑगस्टमध्ये तिने पन्नास किलोत एका दिवसात तीन कुस्त्या मारल्या, जपानच्या सुसाकीला हरवलं. दुसऱ्या सकाळी काट्यावर शंभर ग्रॅम जास्त भरले. मधल्या रात्री ती पळाली, घाम काढला, पाणी टाळलं, केस कापले. तिच्याबरोबर डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते, अख्खं पथक होतं. एवढं असूनही शरीराने शंभर ग्रॅम सोडले नाहीत, आणि नंतर तिला सलाईन लावावं लागलं. तिच्या धैर्यापुढे मी मान झुकवते. पण त्या रात्रीतून तू "असं करायचं असतं" एवढंच शिकलास, हे मला सहन होत नाही. अमेरिकेत १९९७च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तेहेतीस दिवसांत कॉलेजचे तीन पैलवान मेले. तिघेही वजन उतरवत होते, हवा न जाणारे सूट घालून, तापलेल्या खोलीत. तुझ्याच वयाच्या आसपासची पोरं. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत तसले सूट आणि सौना बंद झाले, आणि पैलवानाचं किमान वजन ठरवायच्या आधी लघवी तपासून अंगात पुरेसं पाणी आहे की नाही ते बघायला लागले.

इथवरचं तुझ्या स्वतःच्या जिवाचं. त्यासाठी मी रागावले असते आणि सोडून दिलं असतं. पण आठवीतल्या दोन पोरांना तू हे शिकवलंस. त्यातल्या एकाची आई काल माझ्या दारात उभी होती. पोराच्या पोटरीत रात्री गोळे येतात, उठून रडतो, जेवण पानात ठेवतो, आमटीला चव नाही म्हणतो. "दादानं सांगितलंय मीठ खायचं नाही," म्हणतो. चव गेली, गोळे आले. मॅकन्सच्या नोंदवहीतली लक्षणं तेरा वर्षांच्या वाढत्या पोरात, आणि तीही तुझ्या सांगण्यावरून. त्यांना तू दादा आहेस. तू जोर मारतोस तसे ते जोर मारतात, तू थुंकून वजन कमी करायला बसलास तर तेही बाटलीत थुंकत बसतात. हे तुला ठाऊक होतं, तरी सांगितलंस.

तुझ्या आईलाही मीठ बंद करायला लावलंस म्हणे, वजन उतरेल म्हणून. तिला रक्तदाब आहे. तिने मीठ कमी करणं बरोबरच आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते, आणि आपल्याकडे लोणचं, पापड, फरसाण, ठेचा धरून त्याच्या दीड-दोन पट सहज होतं. पण ते रक्तदाबासाठी, चरबीसाठी नव्हे, आणि एकदम बंद करून नव्हे. तिला आधी डॉक्टरांना विचारू दे. गोळ्या चालू असताना मीठ अचानक तोडलं तर उठताना चक्कर येऊन पडेल ती. ते पोटॅशियमवालं कमी सोडियमचं मीठही विचारल्याशिवाय आणू नकोस. किडनी अधू असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरतं. सैंधव आणलंस तर तेही सोडियम क्लोराइडच आहे, रंगाला भुलू नकोस. आणि लग्नाचं जेवण जेवून आलं की दुसऱ्या सकाळी काट्यावर किलोभर जास्त दिसतं म्हणून ती रडते, तर तिला सांग, ते पाणी आहे, जेवण साधं राहिलं तर तीन-चार दिवसांत जाईल.

आता काय करायचं ते लिहून घे. पासष्ट किलोचा फॉर्म भरायचा. वाढत्या अंगाला एकसष्टमध्ये कोंबायचं नाही. खरोखर चरबी उतरवायची असेल तर स्पर्धेच्या दोन-अडीच महिने आधी सुरुवात, आठवड्याला अर्धा किलोपेक्षा जास्त नाही, जेवणात मीठ नेहमीचं, पाणी नेहमीचं. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करायचं आणि वहीत लिहायचं. एका दिवसाच्या आकड्यावर उड्या मारायच्या नाहीत की तोंड पाडायचं नाही, सात दिवसांची सरासरी काढून मागच्या आठवड्याशी ताडायची. लघवी गडद पिवळी दिसली तर त्या दिवशी सराव कमी आणि पाणी जास्त. प्लॅस्टिकचा सूट उद्या माझ्या टेबलावर आणून ठेवायचा.

वस्तादांशी मी बोलते. त्या दोन पोरांच्या घरी मात्र तू जायचंस, आज संध्याकाळी, तालमीच्या आधी. त्यांच्या आयांसमोर सांगायचं की मी चुकीचं सांगितलं होतं, आणि त्या पोरांना आपल्या हाताने मिठाची आमटी वाढायची. मी दारात उभी असेन.